हळदीच्या पानाचे बेक केलेले कस्टर्ड: पान निवडण्यापासून वाटी पालथी घालेपर्यंत

नागपंचमीच्या आधी दोन-तीन दिवस बेळगावच्या बाजारात हळदीच्या पानांच्या जुड्या दिसू लागतात. खानापूर-जांबोटीच्या बाजूला आणि घाटाखाली या पानांत पातोळ्या वाफवल्या जातात, आणि ज्या घरात पातोळ्या होतात त्या घराचा वास गल्लीच्या तोंडाशीच कळतो. कच्च्या कैरीची साल, ओले गवत आणि अगदी पुसटसा कापूर अशी त्या वासाची ठेवण असते. मात्र घरभर दरवळणारा वास हा पानातून निघून गेलेला वास असतो, आणि खाणाऱ्याच्या घासात त्यातला थोडाच उरतो. तो वास दुधात धरून ठेवायचा आणि ते दूध अंड्याच्या आधाराने मंद आचेवर बांधून घ्यायचे, एवढेच या कस्टर्डचे काम आहे. त्यासाठी पानाला आणि अंड्याला, दोघांनाही उकळीपासून दूर ठेवावे लागते.

आपल्याकडे कस्टर्ड म्हटले की डब्यातली पिवळी पावडर डोळ्यांसमोर येते. ती पावडर मुळात मक्याचे पीठ असते आणि तिच्यात अंडे नसते. 1837 साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी अंडे न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी ती तयार केली. येथे सांगितलेले कस्टर्ड त्याच्या आधीच्या परंपरेतले, दूध, अंडी आणि साखर यांचेच आहे. पोताने ते खरवसाच्या जवळचे असते, फक्त अधिक मऊ आणि तोंडात लवकर विरघळणारे.

पान कोणते आणि केव्हाचे

हळदीची लागवड साधारणपणे अक्षय तृतीयेच्या सुमारास सुरू होते आणि काढणी जानेवारीनंतर होते, त्यामुळे ताजे हिरवे पान आषाढापासून दिवाळीपर्यंत मिळते. आषाढातले पान कोवळे, पातळ आणि वासाने सौम्य असते; अश्विनातले पान जाड, रुंद आणि उग्र. कस्टर्डसाठी हातभर लांबीचे, फिक्या हिरव्या रंगाचे आणि दुमडले तरी न तुटणारे पान सर्वांत चांगले. कडा पिवळ्या पडलेले किंवा करप्याचे तपकिरी ठिपके असलेले पान घेऊ नये, कारण त्यातला सुगंध कमी झालेला असतो आणि कडवटपणा मात्र उतरतो.

येथे एक घरगुती अडचण आहे, ती आधीच सांगतो. पाने बाजारात मुबलक येतात ती श्रावणात, आणि श्रावणात आपल्या बहुतेक घरांत अंडे वर्ज्य असते. म्हणून मी हे कस्टर्ड आखाडात करतो, किंवा मग दसऱ्यानंतर. श्रावणातली पाने साठवायची असतील तर ती धुऊन, पूर्ण कोरडी करून, मधली शीर काढून आणि गुंडाळी करून हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवावीत. रंग काळपट होतो, पण दुधात वास उतरवण्यासाठी ती चालतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेले ताजे पान फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार दिवस टिकते.

रायबाग, चिकोडी, अथणी या भागांत हळदीची मोठी शेते आहेत, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून हवी तेवढी पाने मिळू शकतात. तरीही शेतातली पाने आणण्यापूर्वी अलीकडे फवारणी झाली आहे का, हे जरूर विचारावे. करप्यासाठी केलेली बुरशीनाशकाची फवारणी थेट पानांवरच असते. परसात किंवा कुंडीत लावलेली हळद यासाठी सर्वांत विश्वासाची. स्वयंपाकघरातला कोंब आलेला ओल्या हळदीचा एक तुकडा मोठ्या कुंडीत पुरला तरी पावसाळाभर पाने पुरतात.

सोनटक्का आणि कर्दळ यांची पाने दिसायला हळदीच्या पानासारखीच असतात, आणि जुडीत एखादे चुकून येते. पानाचा कोपरा चुरगळून वास घ्यावा. हळदीचे पान लगेच ओळख देते, कर्दळीला नुसता पाल्याचा वास येतो. पानाच्या मधोमध जांभळट पट्टा असेल तर ते कचोऱ्याच्या जातीचे समजावे आणि बाजूला ठेवावे. कन्नड बोलणाऱ्या भाजीवालीकडे ‘अरिशिन एले’ म्हणून मागितले की नेमके हेच पान मिळते.

साहित्य

सव्वाशे मिलीच्या सहा वाट्यांसाठी अर्धा लिटर पाणी न घातलेले म्हशीचे दूध, हळदीची दोन मध्यम पाने, तीन पूर्ण अंडी, आणखी दोन अंड्यांचे फक्त पिवळे बलक, 90 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ लागते. तळाच्या पाकासाठी आणखी 100 ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे पाणी घ्यावे. वाट्यांवर झाकायला एक-दोन पाने जास्तीची हवीत. गावरान अंडी वापरायची असतील तर ती आकाराने लहान असल्याने तिनाऐवजी चार घ्यावीत. गाईचे दूध असेल तर 400 मिली दुधात 100 मिली ताजी मलई मिसळावी, कारण पानातला सुगंध तेलाच्या रूपात असतो आणि तो पाण्यापेक्षा स्निग्धांशात अधिक चांगला उतरतो. आपल्याकडचे घट्ट म्हशीचे दूध, ज्यात साधारण सहा ते सात टक्के स्निग्धांश असतो, या पदार्थासाठी जणू घडवलेलेच आहे.

वेलदोडा, जायफळ, केशर, व्हॅनिला यांपैकी काहीही घालू नये. पाहुण्यांसाठी करताना हात वेलदोड्याकडे जातोच, पण वेलदोडा घातला की पानाचा वास त्याच्याखाली दबून जातो.

दुधात पान मुरवणे

पाने वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुऊन फडक्याने कोरडी करावीत. मधली जाड शीर सुरीने कापून काढावी, कारण तिच्यात सुगंध थोडा आणि गवतासारखा कच्चेपणा जास्त असतो. मग पान हाताने तळव्याएवढ्या तुकड्यांत फाडावे आणि ते तुकडे एकत्र धरून, कपडा पिळल्यासारखा एकदाच हलका पीळ द्यावा. वास हाताला लागला की थांबावे. पान चिरू नये, मिक्सरमध्ये तर मुळीच वाटू नये.

पहिल्यांदा मी नेमके तेच केले होते. पाने बारीक चिरली, दुधात घातली आणि चांगला अर्क उतरावा म्हणून दहा मिनिटे उकळली. दूध हिरवट-करडे झाले, चवीला काढ्यासारखे लागले, आणि ज्या वासासाठी सगळा खटाटोप केला होता तो वाफेबरोबर छताला लागला. बारीक चिरलेल्या पानातून हिरवा रस बाहेर पडतो, आणि कडवटपणा त्या रसासोबतच येतो. सुगंध उडून जाणारा असल्याने त्याला उकळी सोसत नाही.

कच्चे दूध आधी नेहमीप्रमाणे एकदा पूर्ण उकळून घ्यावे, मग आच बंद करून पाच मिनिटे थांबावे. उकळी पूर्ण बसलेली, पृष्ठभागावरून वाफ निघत असलेली, अशा अवस्थेत दूध साधारण 80 अंशांवर असते. त्यात पानांचे तुकडे पूर्ण बुडवावेत आणि घट्ट बसणारे झाकण ठेवावे. झाकणाला आतून जमलेले थेंब दुधातच परत झटकावेत, कारण त्यांच्यातही वास असतो. कोवळ्या पानांना अर्धा तास लागतो. अश्विनातल्या जून पानांना पंधरा-वीस मिनिटे पुरतात. तरीही घड्याळावर पूर्ण विसंबू नये. दहा मिनिटांनंतर चमचाभर दूध बशीत घेऊन, किंचित साखर घालून, निवल्यावर चाखावे. वास हवा त्यापेक्षा थोडा जास्त वाटला पाहिजे, कारण अंडी आणि साखर मिसळल्यावर तो सौम्य होतो आणि थंड पदार्थात आणखी मंद जाणवतो. हवी ती पातळी आली की पाने चिमट्याने उचलून, दूध निथळू देऊन टाकून द्यावीत. ती पिळू नयेत.

हाताशी वेळ असेल तर याहून चांगली रीत आहे. उकळून पूर्ण थंड केलेल्या दुधात पाने घालून, झाकून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावीत. आठ-दहा तासांत जो वास उतरतो तो अधिक स्वच्छ असतो, त्यात गवताचा अंश जवळजवळ नसतो. माझ्या घरी आता हीच रीत रुळली आहे. कस्टर्ड करताना ते दूध गाळून कोमट करून घ्यावे लागते एवढेच. दोन्ही रीतींत पाने काढल्यावर दूध मोजावे आणि कमी भरले तर साधे दूध घालून पुन्हा अर्धा लिटर करावे.

या दुधाला पिवळा रंग येत नाही, आणि त्याची काळजी करू नये. हळदीचा पिवळेपणा कंदात असतो, पानात तो नगण्य असतो. रंगासाठी हळदपूड घातली तर पदार्थाला औषधी वास येतो.

तळाचा पाक

जाड बुडाच्या छोट्या पातेल्यात 100 ग्रॅम साखर सारखी पसरावी, वरून दोन चमचे पाणी शिंपडावे आणि मध्यम आचेवर ठेवावे. चमच्याने ढवळू नये. ढवळल्यास साखरेचे पुन्हा खडे होतात. पातेले हातात धरून हलके फिरवत राहावे. पाक आधी पातळ तुपासारखा दिसतो, मग मधासारखा, आणि त्यानंतर रंग फार झपाट्याने बदलू लागतो. बेळगावच्या माणसाला रंग सांगायचा तर चांगल्या कुंद्यापेक्षा एक छटा गडद, तांबूस तपकिरी, येथे आच बंद करावी. धूर दिसला तर उशीर झाला, तो पाक टाकून नवा करावा. पाक तयार होताच कोरड्या वाट्यांत एकेक चमचा ओतून वाटी तिरकी करून तळभर पसरवावा. तो काचेसारखा कडक होईल आणि पुढे कस्टर्डमधल्या ओलाव्याने आपोआप विरघळेल. पाक अंगावर उडाला तर भाजते, म्हणून हे काम मुले जवळ नसताना करावे.

निपाणी-संकेश्वरच्या बाजूची ताजी काकवी हळदीच्या पानाबरोबर फार छान लागते, पण ती तळाला घालू नये. ती कडक होत नाही आणि वरून ओतलेल्या मिश्रणात मिसळून जाते. काकवी हवी असेल तर तळ कोरा ठेवून, वाढताना वरून चमचाभर घालावी.

अंडी आणि दूध एकत्र करणे

अंडी अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवावीत. रुंद भांड्यात अंडी, बलक, 90 ग्रॅम साखर आणि मीठ घेऊन काट्याने किंवा हाताच्या रवीने तळाला टेकवूनच फिरवावे. फेस नको; फेसाचे बुडबुडे ओव्हनमध्ये तसेच अडकतात आणि कस्टर्डला जाळी पडते. साखर विरघळली आणि पांढऱ्याचे धागे मोडले की पुरे.

दूध आता इतके कोमट हवे, की भांड्याला बाहेरून तळहात लावून दहा अंक मोजता यावेत. ते बारीक धारेने, एका हाताने ढवळत, अंड्यांत घालावे. मग हे मिश्रण पातळ मलमलच्या फडक्यातून गाळावे. गाळण्याचा कंटाळा करू नये, अंड्यातले न विरघळलेले पांढरे धागे नुसत्या ढवळण्याने जात नाहीत. गाळलेले मिश्रण पंधरा मिनिटे झाकून ठेवले की उरलेले बुडबुडे वर येतात. ते चमच्याने काढावेत आणि मिश्रण वाट्यांत हलक्या धारेने ओतावे.

पाण्यात बसवून बेक करणे

अंड्याचे पांढरे साधारण 62 अंशांपासून आणि बलक 65 अंशांपासून घट्ट होऊ लागतो. दूध आणि साखर मिसळल्यावर ही पातळी वर सरकते आणि मिश्रण 78 ते 80 अंशांच्या दरम्यान नीट बांधले जाते. 85 अंशांच्या पुढे गेले की तेच मिश्रण आवळून पाणी सोडते. म्हणजे हातात फक्त काही अंशांची जागा असते, आणि त्यासाठी वाट्या पाण्यात बसवायच्या असतात. ओव्हन 150 अंशांवर असला तरी पाणी उकळीच्या वर जात नाही, आणि सतत बाष्पीभवन होत असल्याने ते उकळीच्याही खालीच राहते. आपल्या बेळगावात, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, पाणी 97 ते 98 अंशांवरच उकळते, तेव्हा हा आधार येथे थोडा अधिकच मिळतो.

ओव्हन वर-खाली दोन्ही कॉइल चालू ठेवून, पंखा बंद करून, 150 अंशांवर पंधरा मिनिटे तापवावा. खोल ट्रेमध्ये दुहेरी घडीचे सुती फडके अंथरावे, म्हणजे वाट्या तापलेल्या पत्र्याला थेट टेकत नाहीत. राखून ठेवलेल्या पानांचे वाटीच्या तोंडाएवढे गोल कापून प्रत्येक वाटीवर झाकावेत आणि पान उचलले जाऊ नये म्हणून त्यावर अॅल्युमिनियम फॉइल बसवावी. पानाच्या या झाकणामुळे वर जाड साय धरत नाही, आणि वाटी उघडताना पहिला वास पानाचा येतो. ट्रे सर्वांत खालच्या फळीवर ठेवून मगच कडकडीत पाणी वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत ओतावे.

स्टीलच्या वाट्यांना 30 मिनिटे, चिनी मातीच्या किंवा काचेच्या वाट्यांना 40 ते 45 मिनिटे लागतात, पण प्रत्येक ओटीजीचा स्वभाव वेगळा असतो. म्हणून पंचविसाव्या मिनिटाला एक वाटी उघडून हलकेच हलवून पाहावी. कडा घट्ट आणि मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढा भाग थरथरणारा, ही योग्य खूण. सगळे मिश्रण लाटेसारखे हलत असेल तर आणखी पाच-सात मिनिटे. मध्यभागही गप्प बसला असेल तर ताबडतोब बाहेर काढावे. उरलेला कंप बाहेर आल्यावर आतल्या उष्णतेनेच स्थिरावतो.

पावसाळ्यात मध्येच वीज जाते. अशा वेळी ओव्हनचे दार उघडू नये. अर्ध्याहून अधिक वेळ झाला असेल तर आतल्या गरम पाण्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काम बहुतेक पूर्ण होते.

ओव्हन नसेल तर जुनी रीत वापरता येते. रुंद पातेल्यात घडी केलेले फडके, त्यावर वाट्या, निम्म्यापर्यंत गरम पाणी, वर सपाट पत्र्याचे झाकण, आणि झाकणावर चार-पाच फुललेले निखारे. खाली आच इतकी मंद हवी की पाण्याला नुसती कुरकुर सुटेल, उकळी येणार नाही. घाटाच्या बाजूच्या घरांत केक अशाच वर-खाली आचेवर होत, आणि माझ्या मते या कस्टर्डला निखाऱ्यांचा पुसट धूर शोभतो.

वाट्यांविषयी थोडे. खानापूर कुंभारकामासाठी ओळखले जाते, तेथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची या कामाचे प्रशिक्षण देणारी संस्थाही आहे. मातीच्या वाट्यांत हे कस्टर्ड देखणे दिसते, पण त्यात तळाचा पाक घालू नये. सच्छिद्र माती तो शोषून घेते आणि कस्टर्ड उलटे निघत नाही. वाट्या आधी तासभर पाण्यात भिजवाव्यात, पुसाव्यात, आणि कस्टर्ड त्याच वाटीतून खायला द्यावे.

निवणे आणि वाढणे

वाट्या पाण्यातून लगेच बाहेर काढाव्यात, नाहीतर त्या आतल्या आत शिजतच राहतात. खोलीच्या तापमानाला आल्या की फ्रिजमध्ये किमान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवाव्यात. तेवढ्या वेळात तळाचा पाक सुटतो आणि पानाचा वास सगळीकडे सारखा मुरतो. काढताना पातळ सुरी कडेने एकदाच फिरवावी, वाटीचा तळ दहा सेकंद गरम पाण्यात धरावा, वर बशी ठेवून एका झटक्यात पालथी घालावी. कस्टर्ड सुटल्याचा एक मऊ आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय वाटी उचलू नये. फ्रिजमध्ये ते दोन दिवस चांगले राहते.

आत जाळी पडली असेल आणि कडेला पाणी सुटले असेल तर आच जास्त झाली. वर घट्ट आणि खाली पातळ असेल तर वरची कॉइल फार जवळ होती. अंड्याचा वास पुढे येत असेल तर बहुधा पान कमी मुरले आहे किंवा कस्टर्ड जास्त शिजले आहे.

अंडे न खाणाऱ्यांसाठी, आणि श्रावणासाठीही, चिकाचा मार्ग मोकळा आहे. चीक स्वतःच्या प्रथिनांवरच बांधला जातो, म्हणून अंड्याची गरज पडत नाही. कन्नड शेजाऱ्यांचे गिण्णू आणि आपला खरवस एकच. पान मुरवलेले थंड दूध आणि पहिल्या दिवसाचा चीक समान घेऊन, गूळ किंवा साखर विरघळवून, वरच्याच पद्धतीने पाण्यात बसवून बेक करावे. चिकाचा दाटपणा दर वेळी वेगळा असतो, तेव्हा आधी दोन चमचे मिश्रण छोट्या वाटीत वाफवून पाहावे: रबरासारखे लागले तर दूध वाढवावे, बांधले गेले नाही तर चीक.